पाणी कुठवर आलं होतं

विमा विकणाऱ्या बाईचं तोंड गोड असावं लागतं म्हणे. माझं नाही. तरी तुळजापूर तालुक्यात मी बरीच वर्षं विमा विकतेय, गाड्यांचा, दुकानांचा, म्हशींचा, आणि माणसं कुरकुरत का होईना, सही करतात. माझा नवरा शाळेत क्लार्क आहे. तो म्हणतो, लोक आगीला भिऊन विमा काढत नाहीत, तुला भिऊन काढतात. म्हणू दे. स्वतःच्या स्कूटरचा विमा तो दर वर्षी माझ्याकडूनच काढतो.

सगळ्यात चिवट गिऱ्हाईक मात्र घरातलंच निघालं. माझी थोरली नणंद. तामलवाडीच्या अलीकडं ओढ्याकाठी एक लहानसं गाव आहे, तिथं त्यांची पिठाची गिरणी. त्यांचे मालक गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. गावातली निम्मी ज्वारी त्यांच्या जात्यातून जाते, उन्हाळ्यात बाजूच्या मशीनवर मिरची कांडतात. पोरगा पुण्यात, चांगला कमावता, सूनही गुणाची. दोघं सारखी मागं लागलेली, आई, आता बास झालं, इकडं या. वन्सं एकदा जाऊन राहूनही आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "अगं, लई जीव लावत्यात दोघं. पण सकाळी उठून करायचं काय? चहाचा कप धुवायला घेतला तरी सून म्हणती, राहू द्या आई. म्या काय फुलदाणी हाय व्हय, कोपऱ्यात ठेवायला?"

गिरणी बंद पडली तर पुण्याला जावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोराला नाही म्हणायला त्यांच्याकडं तेवढं एकच कारण होतं. ते कारण पट्ट्यावर फिरत होतं, तोवर त्या त्यांच्या गावात होत्या.

मी विम्याचं काढलं तेव्हा त्या जात्यावरच्या पत्र्याच्या पाळीत ज्वारी ओतत होत्या. केसांवर, भुवयांवर पीठ. मी आगीचं सांगितलं. म्हणाल्या, "आग कशाला लागतीय? इथं म्या चुलसुद्धा पेटवत न्हाय." मी चोरीचं सांगितलं. "चोर जातं उचलून न्हेईल व्हय? न्हेला तर त्याची कंबर मोडंल, त्याचा विमा काढ." मग मी पुराचं सांगितलं आणि वन्सं जे हसायला लागल्या, ते पदर तोंडाला लावून खालीच बसल्या. "पूर! अगं, आमच्या ओढ्याला? उन्हाळ्यात पोरं त्याच्यात क्रिकेट खेळत्यात!"

खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. तेव्हा पूर हा शब्द आमच्याकडं टीव्हीवरचा होता. या जिल्ह्याला टँकर ठाऊक. जमीन हलते तेही ठाऊक. माझी मावशी सास्तूरला दिलेली. भूकंपानंतर पुन्हा वसवलेल्या गावातल्या घरात ती राहते, आणि अजून कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी एकदा वर छताकडं बघून घेते. पण पाणी? पाण्याची आम्ही वाट बघत आलो. त्याला भ्यायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत मात्र पावसाची रीतच बदलली. पेरणी झाली की पाठ फिरवतो, सोयाबीन माना टाकतं, लोक आभाळाला शिव्या घालतात, आणि काढणीच्या तोंडावर असा येतो की जणू सगळ्या वर्षाचं आजच उरकून जायचंय. एकाच वर्षी एकाच गावाला टँकरही लागतो आणि होडीही लागते. आमच्या ऑफिसातल्या नकाशावर हा तालुका कोरडा म्हणून रंगवलेला. त्यामुळं पुराचा हप्ता अगदी नगण्य होता. कुणी मागत नव्हतं, कुणाला द्यावा लागत नव्हता. कंपनीही खूश आणि आम्हीही.

शेवटी वन्संनी सही केली ती माझ्यावर उपकार म्हणून. "तुझं ते टार्गेट का काय ते पुरं होत नसंल तर घे बाई. माझ्या भावाच्या घरात भांडण नको." वर मला किलोभर ताजं पीठ बांधून दिलं.

आणि मग तो सप्टेंबर आला. घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. पाऊस सुरू झाला तो थांबेचना. तुळजापुरात आमच्या गल्लीतून पाण्याचा लोट वाहत होता, पण आम्ही पडलो उंचावर, आमचं काय जातंय. खाली सपाटीवरच्या गावांत मात्र हाहाकार. रस्ते तुटले, वीज गेली, फोन लागेनात. नवरा दिवसभर फोन कानाला लावून बसायचा आणि माझ्यावर खेकसायचा. मीही त्याच्यावर खेकसायची. बहीण म्हणून त्याचा जीव खालीवर, आणि मला तर दोन्हीकडून घोर. त्या माझ्या नणंद होत्या, आणि त्यांची पॉलिसी मीच काढलेली होती.

फोन लागला तेव्हा पाऊस ओसरून उन्हं पडली होती. पलीकडून खणखणीत आवाज. जिवात जीव आला. वन्सं सांगत होत्या, पहाटे पाणी शिरलं, सगळी गल्ली देवळाच्या माळावर जाऊन बसली, गिरणीत गुडघ्याइतका गाळ, डब्यांतली लोकांची ज्वारी फुगून डब्याबाहेर, मोटार बुडाली, कांडपाचं मशीन आडवं. मी म्हटलं, "वन्सं, ऐका. कशालाही हात लावू नका. सर्व्हेयर येईल, बघंल, फोटो काढंल. तोवर गाळ तसाच राहू द्या."

वन्सं म्हणाल्या, "तसाच कसा राहू देऊ? दसरा काढून झाला की माझा. सगळं लख्ख केलंय. ये बघायला."

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, वाकळा पाण्यावर नेऊन आपटायच्या, भांडी राखेनं घासायची, भिंतींना चुना द्यायचा. एरवी कितीही पसारा असो, देवी बसायच्या आत घर आरशासारखं पाहिजे. आणि यंदा तर घरात गाळ! गावातल्या बायका माळावरून खाली उतरल्या त्या थेट खराटे घेऊनच. गाळ उपसला, फरशा घासल्या, नासलेलं धान्य लांब नेऊन टाकलं, आणि भिंती जरा सुकल्यासारख्या झाल्या की चुन्याचे हात मारले. वन्संनी तर गिरणीच्या दाराला नवा निळा रंगसुद्धा दिला होता. मोटार सोलापूरला नवं वाइंडिंग भरायला धाडली. कांडपाचं मशीन पुसून, तेल घालून जाग्यावर उभं केलं.

"फोटो तरी काढलेत का?" मी विचारलं.

"फोन चार्ज कुठं होता? आणि शेजारच्या पोरीनं विचारलं हुतं, आजी, काढू का व्हिडिओ, दादाला पाठवू. म्या म्हनलं, असली घाण पुण्याला दाखवायची? सून काय म्हणंल?"

मी कपाळाला हात लावून बसले आणि नवरा समोर उभा राहून विचारतोय, काय झालं, ताई बरी आहे ना? म्हटलं, ताई बरी आहे, ताईला काही होत नसतं, माझंच व्हायचंय ते होतंय.

सर्व्हेयर आला तेव्हा मी सोबत गेले. लातूरकडचा तरुण मुलगा, सभ्य, बोलायला मऊ. सकाळपासून कितीतरी गावं हिंडून आलेला, बूट चिखलानं भरलेले. बिचारा गिरणीच्या दारात थबकला आणि खाली बघायला लागला. आत सारवल्यासारखी स्वच्छ फरशी, भिंती पांढऱ्याशुभ्र, उंबऱ्यावर हळदीकुंकू, कोपऱ्यात उदबत्ती. वन्संनी ठेवणीतली साडी नेसलेली. पाव्हणा येणार म्हणून.

"बूट राहू द्या साहेब, या, या. च्या घेता का सरबत?"

त्यानं बूट काढले. काढून आत आला, आणि चारी बाजूंना बघत उभा राहिला. मग हळूच विचारलं, "आजी, पाणी कुठवर आलं होतं?"

वन्संनी हात छातीशी धरला. "एवढं. हिथवर."

"खूण आहे का कुठं?"

"खूण कशाला? म्या सांगतीय की."

मला त्याची अडचण कळत होती. मोटार होती जमिनीपासून चांगल्या उंच ओट्यावर. पाणी घोटाभर आलं असेल तर मोटारीला काही व्हायचं कारण नाही, मग ती विजेच्या कमीजास्त दाबानं जळली असं धरणार आणि दाव्यातून बाहेर. पाणी छातीभर आलं असेल तर सगळंच गेलं, मोटार, मशीन, जातं, माल, सगळं द्यावं लागणार. सगळा खेळ त्या उंचीचा. आणि ती उंची वन्संनी आपल्या हातानं चुन्याखाली गाडलेली.

"आजी, तुमच्यावर विश्वास आहे माझा," तो म्हणाला, "पण मला वर दाखवावं लागतं."

झालं. वन्संचा पारा चढला. "म्हंजे? म्या खोटं बोलतीय? या वयात? देवी बसलीय घरात, तिच्यासमोर सांगू का? गावात कुणालाबी विचारा, या बाईनं कधी मापात पाप केलंय का!" आणि मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू गं? तू काय मुकी झालीस?"

मी मुकी झाले नव्हते, मी चिडले होते. म्हटलं, "वन्सं, तुम्ही खऱ्या आहात हे त्यालाही कळतंय. पण कंपनीला तुमचं तोंड दिसत नाही, कंपनीला भिंत दिसते. आणि भिंत तर तुम्ही नवरीसारखी नटवून ठेवलीय!"

वन्सं पाठ फिरवून चहा ठेवायला गेल्या. कपबशीचा आवाज जरा जास्तच यायला लागला. मला वाईट वाटलं. बाईनं काय चूक केली? आयुष्यभर सगळ्यांनी शिकवलं ते केलं. घर नासलं तर धुवावं, पाव्हणा आला तर नीटनेटकं असावं, आपली दैना चव्हाट्यावर मांडू नये. आणि आमचा धंदा म्हणतो, दैना जपून ठेवा, आम्ही येईपर्यंत तिला हात लावू नका. या दोन गोष्टींची गाठ कशी घालायची, हे मला इतकी वर्षं विमा विकूनही उमगलेलं नाही.

सर्व्हेयर मुलगा चांगला होता. म्हणाला, शेजारच्या घरांतली खूण चालेल, एकाच पातळीवरची पाहिजे. आम्ही बाहेर पडलो. पहिलं घर, चुना. दुसरं घर, चुना. तिसऱ्या घरी तर गेरूचा पट्टा मारून वर स्वस्तिक काढलेलं. सगळ्या गल्लीनं दसरा काढलेला! पूर येऊन गेलाय असं सांगायला एक भिंत नव्हती. नुसत्या ओढ्याकाठच्या बाभळींवर चिंध्या लोंबत होत्या, पण त्या वाऱ्यानंही जातात वर. तो मुलगा कंटाळून घाम पुसत उभा राहिला. मी मनातल्या मनात वन्संचं सामान पुण्याच्या गाडीत चढवलं.

तेवढ्यात गिरणीच्या मागच्या बोळातून शिलाई मशीनचा आवाज आला. तिथं एक टेलर राहतो. मुसलमानाचं घर, त्याचे आजोबाही तिथंच शिवणकाम करायचे. वन्सं लग्न होऊन गावात आल्या तेव्हा हा चड्डीत फिरत होता, त्यामुळं त्या त्याला अजून अरेतुरे करतात. घर कच्च्या विटांचं, वरून मातीचा लेप, वर पत्रे. त्याला घट नव्हते आणि दसरा नव्हता. शिवाय मातीच्या ओल्या भिंतीवर चुना धरतच नाही. ती आधी आतून वाळावी लागते.

आम्ही बोळात शिरलो आणि ती दिसली. सगळ्या भिंतीवर आडवी, सरळ रेघ. खाली माती काळी, वर पिवळी. रेघेला वाळलेलं गवत आणि सोयाबीनच्या शेंगा चिकटलेल्या. नीट माझ्या छातीला लागत होती.

सर्व्हेयरनं टेप काढला. टेलर मशीनवरून उठला, न विचारता टेपचं दुसरं टोक घेऊन खाली बसला आणि जमिनीला धरलं. "हिथं धरू का साहेब? का उंबऱ्यापासून?" त्या मुलानं मोजलं, चारी बाजूंनी फोटो काढले, मग गिरणीच्या ओट्यापर्यंत पातळी मिळवून बघितली. पाणी मोटारीच्या वर गेलेलं होतं. शंकाच नाही. मुलाचा चेहराच उजळला. मला तर त्या टेलरला मिठी मारावी वाटली.

वन्सं चहाचा ट्रे घेऊन बोळात आल्या, त्यांना सांगितलं. त्या भिंतीकडं बघत राहिल्या. "आरं, ही तर म्या बघितलीच न्हाय," म्हणाल्या.

फोटो काढून झाल्यावर त्या मुलानं सहज विचारलं, "तुमची पॉलिसी कोणाकडं आहे? तुमचंही आजच करून टाकतो."

टेलर हसला. "माझी कुठली साहेब. ताईंनी भरला हुता कागद. माघारी आला."

आला होता खरा. वन्संची सही घेतली त्याच दिवशी त्यानं मला बोळातून हाक मारली होती, ताई, आमच्या घराचं आन् मशीनचं पण बघा की. मी सगळं भरून पाठवलं होतं. ऑफिसनं परत धाडलं. मातीच्या भिंतीचं घर कंपनी घेत नाही, आणि त्या घरातल्या सामानाची जबाबदारीही घेत नाही. मी वाद घातला, साहेबांपर्यंत गेले. ते म्हणाले, मॅडम, पाणी लागलं की पडणारच ते, पडणाऱ्या घराचा विमा कसा काढायचा? हिशेबानं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं.

हे मी त्या मुलाला सांगितलं. वन्संनी ऐकलं. मला वाटलं त्या गप्प बसतील, त्यांचं काम झालं होतं. पण त्या माझ्यावर उसळल्याच. "तू मला काय सांगितलं हुतंस? विमा म्हंजे भिशीच समजा, सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर येळ आली त्यानं उचलायचं. व्हय ना? मग ज्याच्यावर येळ येणार हे दिसतंयच, त्यालाच तुमी भिशीत बसू देत न्हाय? ही कसली गं भिशी?"

सर्व्हेयरनं चहात बिस्कीट बुडवलं. टेलरच म्हणाला, "जाऊ द्या अक्का. मशीन चालू हाय माझं. खोललं, रॉकेलनं धुतलं, तेल दिलं, लागलं चालायला. तुमची मोटार आधी येऊ द्या." आणि खाली बसून पुन्हा शिवायला लागला. नवरात्रात ब्लाउजची घाई असते.

दावा मंजूर झाला. कंपनीनं सगळं धरलं, मोटार, कांडपाचं मशीन, जातं, खराब झालेला माल. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. साहेबांनी मात्र दुसरी एक गोष्टही सांगितली. आता या गावाची नोंद बदलली. ज्या रेघेवरून पैसे मिळाले तीच रेघ वर कंपनीकडं गेली, आणि पुढच्या खेपेला पुराचा हप्ता कितीतरी वाढणार, कदाचित पूर वगळूनच पॉलिसी मिळेल. नकाशावरचा कोरडा रंग गेला. मी वन्संना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "बघू पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आता नवं जातं बसवायला, टाकी लावायला माणूस धाड." त्यांच्या आवाजात मला त्या हसणाऱ्या वन्सं परत सापडल्या. पोराला त्यांनी ठणकावून सांगितलं, गिरणी सुरू होतीय, मला आता सवड न्हाय, दिवाळीला तुम्हीच या.

आणि मग टेलरची भिंत पडली. पुरात नाही, पावसात नाही, चांगलं कडक ऊन पडल्यावर. मातीच्या भिंतीचं असंच असतं. ओली असते तोवर फुगून उभी राहते, वाळायला लागली की भेगा पडतात आणि एका दुपारी बसते. ती रेघेची भिंत आधी बसली, तिच्यामागं पत्रे. देवाची कृपा, बायको पोरीला घेऊन दर्ग्यात गेली होती आणि तो मशीन घेऊन बाहेर बोळात बसला होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, सरकारी मदत येईल म्हणाले. येईल तेव्हा येईल.

गिरणी नव्यानं सुरू झाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वन्संकडं गेले. खरं तर मिरवायला गेले होते, खोटं कशाला बोलू. माझी पॉलिसी, माझा दावा, माझी नणंद आपल्या गावात. स्टँडवर उतरून चालत गेले, तर गिरणीपुढं एक छोटा टेम्पो उभा. त्यात दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, पत्रे, आणि दोरीनं बांधलेलं शिलाई मशीन.

टेलर सोलापूरला चालला होता. तिथं युनिफॉर्म शिवायचे कारखाने आहेत, मेव्हण्यानं एका ठिकाणी शब्द टाकला होता. मेव्हण्याच्याच घरी एका खोलीत राहायचं. वन्सं टेम्पोच्या मागच्या फळीला धरून उभ्या होत्या आणि भांडत होत्या.

"आरं, गिरणीचा पुढचा भाग मोकळाच हाय. मशीन तिथं टाक. भाडं मागतीय का म्या तुला? निजायला मागची खोली दे म्हनलास तर ती बी देते."

"अक्का, तुमी देताल हे ठाव हाय मला," तो म्हणाला. मान खाली. "पण हिला झोप न्हाय. आभाळ जरा भरून आलं की पोरीला घेऊन माळावर पळती. दोनदा भर दुपारी पळाली, पाऊस न्हाय काय न्हाय. कुठवर ठेवू?"

बायको पोरीला घेऊन पुढं केबिनमध्ये बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलंच नाही. ओढ्याच्या बाजूची काच तिनं पूर्ण वर करून घेतली होती.

"तिथं काय करशील रं?" वन्सं म्हणाल्या. "तिथं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या हाताखाली. आजा तुझा हितं शिवत हुता."

"करायचं काय अक्का. सकाळी उठून कामावर जायचं, सांजच्याला यायचं."

त्यानं वाकून वन्संच्या पायाला हात लावला. तो मुसलमान आणि या हिंदू, पण गावात थोरल्या बाईच्या पाया सगळेच पडतात. वन्संनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिठाचा पंजा उमटला. कुणी झटकला नाही. टेम्पो सुरू झाला, दगडावरून हेलकावे खात वळणाकडं निघाला, मशीनचा पाय फळीवर आपटत होता तो जरा वेळ ऐकू येत राहिला.

माझ्या मनात जे होतं ते सरळ सांगते. मला लाज वाटली, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा हे कळेना. वन्सं ज्या दिवसाला भीत होत्या, गाव सोडून दुसऱ्याच्या खोलीत जाऊन राहायचा, तो दिवस टळला नव्हता. तो बोळ ओलांडून शेजारी गेला होता. ज्याच्या भिंतीवरून आम्ही त्यांचं सगळं मोजून घेतलं, त्याच्याच दारात जाऊन उभा राहिला. आणि मी सकाळी घरून निघताना चांगली साडी नेसले होते.

वन्सं आत गेल्या. मी मागोमाग. दळण कुणाचंच नव्हतं, डबे सगळे रिकामे पडलेले. त्यांनी पट्टा बघितला, जात्यावरच्या पाळीकडं नजर टाकली आणि बटण दाबलं. भरून आलेली मोटार गरगरली, जातं फिरायला लागलं. जात्यात दाणा नसला की दगडावर दगड घासतो, दगडाला छिन्नीनं पाडलेले टाके झिजतात, एक मिनिट चालवू नये. मला हे त्यांनीच शिकवलेलं. नव्या दगडाचा करकरीत आवाज सगळ्या गिरणीत भरला, टेम्पोतली ती आपटही त्यात बुडाली, कानठळ्या बसायला लागल्या. मी बटणाकडं हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गं," म्हणाल्या. "तो वळणाच्या पल्याड जाईस्तोवर जरा आवाज होऊ दे."